शुंग-कण्व-सातवाहन डोक्यात राहत नाहीत? मग विणकरापासून सुरुवात कर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सोलापूरचा, बी.ए. झालेला. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळते. युपीएससीची पूर्वपरीक्षा पुढच्या वर्षी द्यायची आहे. प्राचीन भारताचं पुस्तक तीनदा वाचून झालं, तरी शुंग, कण्व, सातवाहन, क्षत्रप, कुषाण या राजवंशांची डोक्यात खिचडी होते, आणि सराव चाचणीत दहापैकी तीन प्रश्न बरोबर येतात. म्हणून तू तीन गोष्टी विचारल्यास. प्राचीन सोडून सगळा जोर आधुनिकवर लावू का? यासाठी पुण्याला जाऊ का? आणि इतिहास हा वैकल्पिक विषय घेऊ का?

पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिसऱ्याचं शेवटी बघू.

मी हा विषय अठरा वर्षं शिकवतोय. त्याआधी चारदा परीक्षा दिली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, यादीत नाव काही आलं नाही. त्यामुळे यशाचं गुपित वगैरे माझ्याकडे नाही. चुका मात्र सगळ्या स्वतःच्या हातच्या आहेत, आणि तुझी चूक मला लगेच ओळखू आली. तू राजे पाठ करतोयस. कोणानंतर कोण गादीवर आला, कोणाचा मुलगा कोण. परीक्षेत हे जवळजवळ येतच नाही.

काय येतं ते बघ. २०१९ च्या पूर्वपरीक्षेत विचारलं होतं, की अशोकाच्या दगडी प्रतिमेसोबत ‘राण्यो अशोक’ ही अक्षरं कुठल्या शिल्पपटावर आहेत. २०२० मध्ये विचारलं, गुप्तकाळात घंटासाल, कदूरा आणि चौल ही गावं कशासाठी प्रसिद्ध होती. उत्तर होतं परदेशी व्यापाराची बंदरं, आणि त्यातलं चौल तर आपल्या रायगड जिल्ह्यातलं. २०२१ मध्ये धरणांची मालिका बांधून पाणी साठवणारं प्राचीन नगर विचारलं, म्हणजे धोलावीरा. २०२२ मध्ये अशोकाच्या शिलालेखांची ठिकाणं आणि राज्यं यांच्या जोड्या होत्या. धौली ओडिशात, येर्रगुडी आंध्रात हे बरोबर. जौगढ मध्य प्रदेशात आणि कालसी कर्नाटकात हे चूक. यांतल्या एकाही प्रश्नाला शुंगांचा शेवटचा राजा कोण हे ठाऊक असून उपयोग झाला नसता.

प्रश्न ठिकाणावर येतो, वस्तूवर येतो, लेखावर येतो, शब्दावर येतो. म्हणून वाचताना दर पानावर एकच गोष्ट विचारायची: हे आपल्याला कळलं कशावरून? कोणी लिहून ठेवलं, कशावर लिहिलं आणि त्याचा त्यात काय फायदा होता? एवढं विचारायची सवय लागली की नावं आपोआप खुंटीला अडकतात. नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून तुझ्या घरच्या धंद्यातलंच उदाहरण घेतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे. क्षहरात कुळातला शक क्षत्रप (प्रांताचा राजा) नहपान याचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, दान केली. पण ती भिक्षूंच्या हातात दिली नाहीत. गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेव म्हणून ठेवली. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंच्या चिवरांसाठी (वस्त्रांसाठी), प्रत्येकी बारा कार्षापणं.

आता वही काढ आणि हिशोब कर. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, म्हणजे २४०. तंतोतंत. पै इकडची तिकडे नाही. मी हा हिशोब पहिल्यांदा स्वतः केला तेव्हा अंगावर काटा आला होता. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस डोळ्यांसमोर हिशोब करत बसलेला दिसला. त्यापुढे लिहिलंय, की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे आजच्या भाषेत दस्त नोंदणी झाली.

या एका लेखातून किती निघालं बघ. श्रेणी म्हणजे नुसती कारागिरांची संघटना नव्हती, ती बँकेचंही काम करायची. दोन विणकर श्रेण्यांचे व्याजदर वेगळे, म्हणजे पत वेगळी असणार, हा माझा तर्क; लेख कारण सांगत नाही. निगमसभा नावाची नगरातली संस्था होती. त्याच लेखात एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापणं असा भावही दिलाय, म्हणजे सोन्या-चांदीचं गुणोत्तर हाती आलं. शक कुळातला माणूस बौद्ध भिक्षूंना दान देतो आणि, त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखानुसार, ब्राह्मणांना गावं आणि गायीही देतो, म्हणजे ‘अमुक राजा अमुक धर्माचा’ ही शाळेतली विभागणी कोलमडली. प्राचीन अर्थव्यवस्था, समाज, धर्म, नाणी, प्रशासन अशी पुस्तकातली पाच प्रकरणं एका भिंतीवर आहेत.

संध्याकाळी वडिलांना हे सांग. मागावरच्या माणसाला बचत गटाचा आणि भिशीचा हिशोब आपल्याहून चांगला कळतो. ते जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं शोधलीस की तुझं उजळणीचं काम झालं.

आता याच भिंतीवरून पुढे चल. तिथूनच जवळ तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. त्यात ती आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करते, आणि क्षहरात वंश त्याने निःशेष केला असं सांगते. आई मुलाबद्दल लिहिते म्हटल्यावर थोडं वाढवून लिहिणार, हे गृहीत धर. मग पुरावा कुठाय? नाशिकजवळच जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला. आईचं म्हणणं नाण्यांनी खरं केलं. शक-सातवाहन संघर्ष आता तू विसरून दाखव.

इथे दोन खाचखळगे आहेत, दोन्हींत दरवर्षी माझी मुलं पडतात. एक, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईवरून आलेली नावं, म्हणून सातवाहनांत मातृसत्ता होती असं लिहायचं नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. दुसरा, बलश्रीच्या त्या प्रशस्तीत, म्हणजे स्तुतिलेखात, गौतमीपुत्राने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असं म्हटलंय. आणि कान्हेरीचा एक लेख सांगतो, की वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. कार्दमक म्हणजे शक क्षत्रपांचंच दुसरं कुळ; ज्या शकांना शत्रू म्हणून कापलं त्यांच्यातलीच सून आणली. बोलणं आणि वागणं यांतलं अंतर आजचंच आहे असं समजू नकोस. मुख्य परीक्षेच्या उत्तरात असा एक विरोधाभास नेमका टाकलास, तर तपासणाऱ्याला कळतं की हा मुलगा गाईड वाचून आलेला नाही.

विणकरांचा धागा धरलाय तर अजून एक. मध्य प्रदेशातलं मंदसोर, तेव्हाचं दशपूर. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची एक आख्खी श्रेणी उठून तिथे आली. त्यांनी मालव संवत ४९३ मध्ये, म्हणजे इ.स. ४३६ च्या सुमारास, सूर्याचं मंदिर बांधलं. पुढे त्याची पडझड झाली आणि ३६ वर्षांनी त्याच श्रेणीने दुरुस्ती केली, तेव्हा वत्सभट्टीकडून हा लेख रचून घेतला. लेखात ते सांगतात, की आमच्यातले काही जण धनुर्विद्येत गेले, काही कथा सांगायला लागले, काही ज्योतिषात रमले. आणि मधेच एक श्लोक असा, की स्त्रीकडे तारुण्य असो, विडा-फुलं असोत, रेशमी वस्त्रांची जोडी अंगावर आल्याशिवाय ती प्रियकराला भेटायला जात नाही. देवळाच्या लेखात दुकानाची जाहिरात. धंद्याची माणसं, दुसरं काय.

इतिहासकार या लेखावरून भांडतात. विणकरांनी गाव सोडलं, काहींनी धंदा सोडला, म्हणजे रेशमाचा दूरचा व्यापार घसरला होता असं एक मत. देऊळ बांधण्याइतका आणि पुन्हा दुरुस्त करण्याइतका पैसा त्यांच्याकडे होता, मग घसरण कसली, असं दुसरं. तू साखर पेठेत नाहीतर कन्ना चौकात उभा राहून विचार कर. तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापूरला आले, इथे माग टाकले, आपली देवळं बांधली, आणि त्यांची नातवंडं आज डॉक्टर आहेत, रिक्षा चालवतात, बँकेत आहेत. धंदा बदलणं म्हणजे बुडणंच असतं का? याचं उत्तर तुझ्या गल्लीत आहे. ते उत्तरपत्रिकेत सरळ लिहायचं नसतं, पण डोक्यात असलं की ‘समीक्षा करा’ या शब्दाची भीती वाटत नाही.

आता पुण्याच्या मुद्द्यावर येतो. क्लास लावायचा तर इतर विषयांसाठी लाव, घरच्यांचं बजेट बघून. या विषयासाठी तू जिथे राहतोस ती जागा पुण्यापेक्षा बरी आहे, हे मी गावाच्या अभिमानाने म्हणत नाहीये. नकाशा बघ.

धाराशिवच्या पुढे तासाभराच्या आत तेर आहे. आपल्याला ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची वाटाड्या वही लिहिली, ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. त्यात तो म्हणतो, की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं तेर. रस्ता धड नसलेल्या मुलखातून गाड्यांवर माल लादून भडोचला जायचा. पैठणहून रंगीत मौल्यवान खडे. आणि तेरहून? साधं कापड पुष्कळ, आणि तलम मलमलीचे नाना प्रकार. म्हणजे सोलापूरची चादर जगात जाण्याच्या अठराशे-एकोणीसशे वर्षं आधी या भागातलं कापड बैलगाडीने बंदराला लागत होतं. रोमन व्यापारावरचा प्रश्न आला की मुलं अरिकामेडू, मुझिरिस ही दक्षिणेतली बंदरं लिहितात, ते लिहावंच. पण बंदरापर्यंत माल आला कुठून, हे लिहिणारा शंभरात एखादा. तो तू हो.

तेरला गेलास की दोन ठिकाणी वेळ काढ. एक, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. मृण्मूर्ती, मणी, खापरं, शंखाच्या बांगड्या सावकाश बघ. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीच्या जातकुळीची आहे, आणि पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, त्यामुळे काळाचा एक पक्का खिळा मिळतो. दुसरं, त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. बौद्ध चैत्यगृहाचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, आकार तो. मूळ चैत्य होता आणि पुढे विष्णूचं देऊळ झालं, असं अनेक अभ्यासक मानतात. एका इमारतीत चैत्य म्हणजे काय ते कळलं, गजपृष्ठ विधान कळलं, आणि दान देणारे बदलले की वास्तूचा देव कसा बदलतो तेही कळलं.

आता दुसरी दिशा. कलबुर्गीला जाणारी गाडी पकड. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठावर सन्नती. सोलापुरातल्या कितीतरी घरांची कुलदेवता तिथली चंद्रलांबा, कदाचित तुझ्या शेजारचे दरवर्षी जात असतील. त्या देवळाच्या आवारातल्या काली मंदिराचं छत १९८६ मध्ये कोसळलं, आणि मूर्तीखालचा चौथरा उघडा पडला. तो दगड म्हणजे अशोकाचे आदेश कोरलेली शिळा निघाली. कोणे एके काळी कोणीतरी ती आडवी टाकून मूर्ती बसवायला खोबण पाडली होती. अक्षरं वाचता येणारं तेव्हा कोणी उरलंच नव्हतं. ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता आली ती जेम्स प्रिन्सेपमुळे, १८३७ च्या सुमारास. आणि सन्नतीला लागूनच कनगनहळ्ळी, म्हणजे तो २०१९ चा प्रश्न. देशभरातली मुलं त्या नावावर अडखळली. आपल्या शहरातली मुलंही अडखळली, याचं मला जास्त वाईट वाटलं. एक लक्षात ठेव: ती प्रतिमा अशोकाच्या काळातली नाही, सातवाहनकाळातली आहे. अशोक गेल्यावर बऱ्याच काळाने लोकांनी त्याला आठवून कोरला. आणि अशोकाचं प्रत्यक्ष नाव असलेला मस्कीचा लेख रायचूर जिल्ह्यात, १९१५ मध्ये सापडलेला. बाकी बहुतेक लेखांत तो नुसता ‘देवानांपिय’, म्हणजे देवांचा लाडका.

तिसरी दिशा माझ्या सर्वांत आवडीची. सोलापूरहून विजयपूर, बागलकोट करत गदगला जाणारा रेल्वेमार्ग बदामीवरून जातो. दोन दिवस काढ, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून घे, बदामी, ऐहोळे, पट्टदकल करून ये. मंदिर स्थापत्य पुस्तकात वाचून कोणालाही कळलेलं मी पाहिलेलं नाही. नागर आणि द्राविड शैलीतला फरक मी तीन वर्षं पाठ केला आणि तीन वर्षं विसरलो. पट्टदकलला एकाच आवारात दोन्ही शिखरं शेजारी उभी आहेत. विरुपाक्ष मंदिराचं शिखर मजल्यावर मजला चढवल्यासारखं, ते द्राविड. गळगनाथाचं शिखर खालून वर एका रेषेत आत वळत गेलेलं आणि डोक्यावर चकतीसारखा आमलक, ते नागर. पाच मिनिटांत काम झालं, आयुष्यभर पुरलं. वही-पेन्सिल ने, फोटो नको. हाताने काढलेलं राहतं.

विरुपाक्ष बांधवलं लोकमहादेवीने, नवरा दुसरा विक्रमादित्य याने कांची जिंकल्याबद्दल. या राजाने कांचीच्या कैलासनाथ मंदिरात कन्नडमध्ये लेख कोरून ठेवलाय, की देवाची संपत्ती मी घेतली नाही, परत केली. पुढे राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात वेरूळचं कैलास झालं. कांची, पट्टदकल, वेरूळ अशी ही कल्पनेची वाट आहे. ती नकाशावर एका रेषेत काढ. ऐहोळेच्या मेगुती जैन मंदिरावर रविकीर्तीची प्रशस्ती आहे, शके ५५६ ची. हर्षाचा पराभव करणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीचं वर्णन, आणि ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख. कवी स्वतःला कालिदास-भारवींच्या तोडीचा म्हणवतो. आत्मस्तुती सोडून दे, पण त्यामुळे कालिदास त्याआधीचा हे नक्की झालं. बढाईचाही असा उपयोग होतो.

शक संवतात ७८ मिळवले की इसवी सन, हे एव्हाना तुला लक्षात आलं असेल. ५५६ आणि ७८, ६३४. सराव हवा तर कुठे लांब जायला नको. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथला शके ९४० चा मराठी लेख. मिळव ७८. विक्रम आणि मालव संवत एकच, त्यातून ५७ वजा कर. गुप्त संवताची सुरुवात ३१९ च्या सुमारास. कालगणनेवर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

सनावळीचंही तसंच. शंभर तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मी मुलांना दहा-बाराच देतो. प्रगत हडप्पा इ.स.पू. २६०० ते १९००, बुद्ध-महावीरांचा आणि महाजनपदांचा काळ, चंद्रगुप्त मौर्य इ.स.पू. ३२१ च्या सुमारास, कलिंग युद्ध २६१, मौर्यांचा शेवट १८५, शक संवत इ.स. ७८, गुप्तांची सुरुवात ३१९, हर्ष ६०६, अशी काही. बाकी सगळं या खुंट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकवायचं. मात्र प्रत्येक खुंटीला एक प्रश्न जोड: तेव्हा इकडे दख्खनमध्ये काय चाललं होतं?

हा प्रश्न पुस्तकं विचारत नाहीत, म्हणून थोडा थांबतो. उत्तरेत वैदिक काळ चालू असताना पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगाव नांदत होतं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं तिथे खणलं. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे लोक. सातूची शेती, मेलेल्या मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरायची रीत, प्रमुखाचं मोठं घर, आणि पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, शेती आटते, जनावरं पाळणं वाढतं. पाऊस कमी झाला असावा, असा उत्खनकांचा निष्कर्ष. घोड भीमेला मिळते, भीमा उजनीत येते, आणि तेच पाणी तुझ्या नळाला काही दिवसांआड येतं. दुष्काळाचा इतिहास सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. धोलावीराचा प्रश्न आला की तुला इनामगावचा पाट आठवावा, एवढंच.

भाषेचं एक सांगायलाच हवं, कारण तू मराठी माध्यमाचा आहेस. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. माझ्या पहिल्या प्रयत्नात ‘चित्रित धूसर मृद्भांड’ असा हिंदी शब्द आला. मराठीत धूसर म्हणजे अंधूक. मी समजलो, चित्रं पुसट झालेली भांडी. प्रत्यक्षात ती राखाडी रंगाची रंगवलेली भांडी, पेंटेड ग्रे वेअर, जी मला चांगली पाठ होती. गुण गेला तो गेला; आता तर वर चुकीच्या उत्तराचे एक तृतीयांश कापलेही जातात. तेव्हापासून तीन रकान्यांची वही. मराठी, हिंदी, इंग्रजी. श्रेणी आणि गिल्ड. आहत नाणी, आहत सिक्के, पंचमार्क्ड कॉइन्स. ताम्रपाषाण आणि चाल्कोलिथिक. महापाषाण आणि मेगालिथ. गजपृष्ठ आणि ऍप्सिडल. दीडशे-दोनशे शब्दांत काम भागतं. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर त्याची लाज बाळगू नकोस, दक्षिणेतल्या नावांचे उच्चार आणि ग्रामसभा-तळ्यांचे शब्द तुला इतरांपेक्षा लवकर बसतील.

आणि मोबाईलवर येणाऱ्या ‘गौरवशाली इतिहासा’पासून परीक्षेपुरतं तरी लांब राहा. मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस म्हणतो भारतात गुलाम नाहीत. कौटिल्याचं अर्थशास्त्र दासांचे नियम तपशिलात देतं: शिक्षा म्हणून दास्य येऊ शकतं, मालकापासून मुलगा झाला तर दासी मुक्त होते. यावर २०२२ मध्ये प्रश्न आलाच. अभिमानाने वाचणाऱ्याने पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, रागाने वाचणाऱ्याने दुसरं. दोन्ही एकत्र ठेवून परक्या माणसाला आपली दासप्रथा ओळखू का आली नसेल, हा विचार करणाऱ्याला गुण मिळाले.

वेळेचं गणित साधं आहे. दिवाळीनंतर सुरू कर, जानेवारीत गड्ड्याची जत्रा लागायच्या आत पहिला फेरा संपव. रोज दोन तास. आधी एनसीईआरटीचं बारावीचं, तेही पुरावा शोधत. मग कला-स्थापत्य, कारण मुख्य परीक्षेच्या पहिल्या सामान्य अध्ययन पेपरात ते थेट आहे. मागच्या दहा वर्षांचे प्रश्न शेवटी सोडवायला ठेवू नकोस, आठवड्याला एक वर्ष घे. बौद्ध-जैन तत्त्वज्ञान आणि संगम साहित्य या दोन ठिकाणी शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे माझी युक्ती चालत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा हीच तयारी तिकडेही वापरता येते.

राहिला वैकल्पिकचा प्रश्न. इतिहासाच्या पहिल्या पेपरात नकाशाचा प्रश्न अनिवार्य असतो. वीस ठिकाणं, प्रत्येकी अडीच गुण, एकूण पन्नास. ठिकाण ओळखून त्यावर चार ओळींची टीप लिहायची. हा प्रश्न तुझी परीक्षा घेऊ दे. महिनाभर रोज पाच ठिकाणं कोऱ्या नकाशावर भर आणि टीप लिही. सुरुवात इनामगाव, तेर, सन्नती, मस्की, ऐहोळे इथून कर. महिन्याअखेर त्या कामाचा कंटाळा आला असेल तर दुसरा विषय घे. रात्री जेवायचं विसरून टिपा लिहीत बसला असशील तर इतिहास घे. भारताचे कोरे नकाशे नव्या पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सुटे घेऊ नकोस, शंभराचा गठ्ठा घे.